नवीन माणूस घरून जॉइन होतोय? मग आधीपासून काय काय करून ठेवायचं

ऑफिसात नवीन माणूस आला की निम्म्या गोष्टी त्याला न विचारताच कळतात. कोण कुणाला रिपोर्ट करतं, साहेबांना कधी गाठायचं, कुठला फॉर्म नुसता नावाला आहे, हे सगळं आजूबाजूला दिसत असतं, आणि नाहीच कळलं तर शेजारच्या टेबलाकडे मान वळवून विचारलं की झालं. घरून जॉइन झालेल्याला यातलं काहीच मिळत नाही. प्रत्येक बारीक प्रश्न टाइप करायचा, तोही कधी न भेटलेल्या माणसाला, आणि तो माणूस मोकळा आहे की कामात बुडालाय हेही दिसत नाही, मग तो "थोडी मदत हवी होती" एवढं लिहितो, खोडतो, आणि तासभर एकटाच डोकं खाजवत बसतो. इकडे मॅनेजरला वाटतं, वा, मुलगा शांत आहे, सगळं जमतंय. म्हणून माझ्या मते रिमोट ऑनबोर्डिंगमध्ये, म्हणजे घरून जॉइन होणाऱ्याला कामात रुळवण्यात, खरं काम हा विचारण्याचा संकोच घालवणं हेच आहे, बाकी फॉर्म-बिर्म कसेही भरून होतात.

१. लॅपटॉप आणि लॉगिन, जॉइनिंगच्या आधी

लॅपटॉप पहिल्या दिवसाच्या साधारण आठवडाभर आधी हातात पडेल असा पाठवा. त्याआधी पत्ता, फोन नंबर आणि घरी कोण कधी असतं हे विचारून घ्या, कारण कुरियरवाला येऊन परत गेला की दोन दिवस सहज जातात. माणूस दुसऱ्या देशात असेल तर कस्टमचा वेळ वेगळा धरा आणि चार्जरचा प्लग तिकडच्या सॉकेटमध्ये बसतो का तेही बघा, ऐकायला किरकोळ वाटतं पण पहिला दिवस अडतो तो अशानेच.

मग अकाउंट्स. ईमेल, चॅट, कॅलेंडर, फाइल्सचा ड्राइव्ह, एचआर पोर्टल, व्हीपीएन (घरून कंपनीच्या नेटवर्कला सुरक्षित जोडणारं), पासवर्ड मॅनेजर आणि त्याच्या कामाची खास टूल्स, या सगळ्याची एक यादी करून आयटीला आधीच द्या. "टीममधल्या अमक्याला आहे तसाच ॲक्सेस द्या" असं लिहून मोकळं व्हायची सवय बऱ्याच ठिकाणी असते, ती सोडा. त्या अमक्याकडे जुन्या प्रोजेक्टचे नको ते ॲक्सेस साठलेले असतात, ते सगळे नवीन माणसाकडे जातात. कामापुरतं द्या, लागेल तसं वाढवा.

आणि हा गुंता हमखास होतो: कंपनीच्या ईमेलचा पासवर्ड कंपनीच्याच ईमेलवर पाठवलेला असतो, जो अजून उघडताच येत नाही. किंवा ईमेल उघडायला ऑथेंटिकेटर ॲपचा (लॉगिनसाठी फोनवर कोड दाखवणारं ॲप) कोड लागतो आणि ते ॲप सेट करायचा क्यूआर कोड त्याच ईमेलमध्ये असतो. बिचारा दोन्हीकडून अडकतो, आणि आयटीला कळवायचं तर तिकीट (मदतीची ऑनलाइन विनंती) टाकायला पण लॉगिन लागतं! यावर उपाय सोपा आहे, पहिलं लॉगिन आयटीवाल्या माणसाबरोबर व्हिडिओ कॉलवर करायचं, कॉलची लिंक त्याच्या पर्सनल ईमेलवर पाठवायची, आणि आयटीचा एक फोन नंबर द्यायचा. पासवर्ड मात्र कॉलच्या लिंकसोबत त्याच मेलमध्ये पाठवू नका.

ऑफर स्वीकारल्यापासून जॉइन होईपर्यंत कंपनीकडून एक शब्द आला नाही की माणूस अस्वस्थ होतो, दुसरीकडे इंटरव्ह्यू द्यायला पण लागतो. आठवड्याला मॅनेजरचा एक साधा मेसेज पुरतो.

२. एकच पान

दहा लिंका वेगवेगळ्या मेलमधून पाठवू नका, एकच पान बनवा. त्यात पहिल्या आठवड्याचं वेळापत्रक (त्याच्या टाइम झोनमध्ये), टीममध्ये कोण काय बघतं, कुठल्या गोष्टीसाठी कुणाला विचारायचं, आणि तुमच्या कंपनीत सर्रास वापरली जाणारी शॉर्ट नावं. ही शेवटची गोष्ट लोक विसरतात. मीटिंगमध्ये सगळे तीन-तीन अक्षरं फेकत असतात आणि नवीन माणूस मान डोलावत बसतो. नमुना बघायचा असेल तर गिटलॅब कंपनीचं हँडबुक इंटरनेटवर कुणालाही वाचता येतं, तिथे सगळी टीम रिमोटच काम करते आणि ऑनबोर्डिंगवर बरंच लिहून ठेवलंय. सगळं कॉपी करायला जाऊ नका मात्र, ते अवाढव्य आहे.

३. पहिला दिवस

पहिला कॉल मॅनेजरचाच हवा, एचआरचा नाही. अर्धा तास पुरे. कॅलेंडर ओळख-परेडने भरून टाकू नका, सलग सहा कॉल झाल्यावर कुणाचं नाव लक्षात राहत नाही, आणि कॅमेऱ्यासमोर दिवसभर हसून बसणं प्रत्यक्षापेक्षा जास्त दमवतं. दोन-तीन कॉल, मध्ये मोकळा वेळ, बाकीच्या ओळखी पुढच्या दोन आठवड्यांत.

सिक्युरिटीचं एक पहिल्याच दिवशी सांगा. नवीन नोकरी लागल्याची पोस्ट टाकली की काही दिवसांत सीईओच्या नावाने मेसेज येतो, "मी मीटिंगमध्ये आहे, अर्जंट गिफ्ट कार्ड घेऊन कोड पाठव". नवीन माणूस फसतो कारण सीईओ एरवी कसे लिहितात हे त्याला माहीतच नसतं, आणि उलट विचारायची भीती वाटते. म्हणून स्पष्ट सांगायचं की असं कुणी कधीच मागणार नाही, आणि शंका आली तर अमक्याला फोन कर.

४. बडी

बडी म्हणजे नवीन माणसाला बारीकसारीक गोष्टींत मदत करायला नेमलेला सहकारी, तो मॅनेजर नसावा. कारण "हे कुठे सेव्ह करायचं" असले प्रश्न मॅनेजरला विचारायला लाज वाटते. आणि बडीने "काही लागलं तर सांग हं" म्हणून विषय संपवायचा नाही, या वाक्यावर कुणीही काहीही सांगत नाही. पहिले दोन आठवडे रोज पंधरा मिनिटांचा ठरलेला कॉल कॅलेंडरमध्ये टाका. मग प्रश्न असोत नसोत, वेळ त्याचीच असते, विचारायला निमित्त शोधावं लागत नाही. बडीचं स्वतःचं काम तेवढं कमी करा, नाहीतर तो कॉल दुसऱ्याच आठवड्यात कॅन्सल व्हायला लागतो.

५. पहिलं काम

पहिल्या आठवड्यातच छोटं, पण खरं आणि पूर्ण होणारं काम द्या. एखादा किरकोळ बग, एका कस्टमरला उत्तर, एका रिपोर्टमधली दुरुस्ती. नुसते ट्रेनिंगचे व्हिडिओ बघून आठवडा गेला तर काय येतंय आणि काय नाही हे त्यालाही कळत नाही, तुम्हालाही नाही. काम शिकवताना स्क्रीन त्याची शेअर करायची, तुमची नाही. तुम्ही भराभर क्लिक करत गेलात की तो "हो हो" म्हणतो, त्याच्या हातात माउस असला की कुठे थांबतो ते लगेच दिसतं.

६. विचारायचे नियम

हे लिहून ठेवा, तोंडी नको. आमच्याकडे असं काहीतरी चालतं: "अर्धा तास अडकलास तर विचार. पर्सनल मेसेजऐवजी टीमच्या चॅनलमध्ये विचार. काय करत होतास, काय झालं, आणि स्क्रीनशॉट. नुसतं हाय लिहून थांबू नकोस." चॅटला साधारण किती वेळात उत्तर यायचं हेही ठरवा, म्हणजे दोन तास शांतता असली तर आपण काही चुकलो असं त्याला वाटत नाही. पण चॅनलमध्ये विचारायची हिंमत तेव्हाच येते जेव्हा सीनियर लोकसुद्धा तिथे बावळट वाटणारे प्रश्न विचारतात, त्यामुळे सुरुवात तुम्ही करा.

टाइम झोन वेगळे असतील तर रोजचे दोन-तीन कॉमन तास ठरवा, अडलेलं सगळं त्या वेळात सुटलं पाहिजे. काही देशांत वर्षातून दोनदा घड्याळ बदलतं, तेव्हा हे तास परत तपासा.

७. पुढचे तीन महिने

३०, ६० आणि ९० दिवसांनी काय अपेक्षित आहे ते दोन-दोन ओळींत लिहून द्या, समोर बॉस दिसत नसला की आपण पुरेसं करतोय का ही धाकधूक फार असते. दर आठवड्याला वन-ऑन-वन (फक्त तुम्ही आणि तो, असा कॉल) घ्या, पण "कसं चाललंय" विचारू नका, उत्तर "छान" असंच येतं. "या आठवड्यात सगळ्यात जास्त वेळ कशात गेला?", "कुणाला विचारायचं हे कळलं नाही असं काय होतं?" असं विचारा, मग खरं बाहेर येतं.

आणि पहिल्याच दिवसापासून वर सांगितलेल्या त्या एका पानाचा एडिट ॲक्सेस त्याला द्या. तुटलेली लिंक, बदललेलं नाव, न सांगितलेली पायरी, जे सापडेल ते त्यानेच तिथल्या तिथे दुरुस्त करायचं. महिनाभराने त्याला ते सगळं इतकं अंगवळणी पडलेलं असतं की काय अडलं होतं हेच आठवत नाही.