चंद्रभागेच्या वाळवंटापासून कोकणच्या पुळणीपर्यंत : वाऱ्याबरोबर जाणारी वाळू कशी मोजावी

सोलापूरच्या विद्यार्थ्यांना किनाऱ्यावरच्या वाळूचा अभ्यास शिकवायचा असेल, तर आरंभ समुद्रावरून न करता खळ्यावरून करावा, असे माझे मत आहे. मंगळवेढ्याकडे ज्वारी उफणताना दाणा पायाशी पडतो, भूस थोडे पुढे जाऊन पडते आणि धूळ उडून दिसेनाशी होते. पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूच्या पट्ट्यावर, वारा नेमकी हीच निवड करत असतो. शिंपल्यांचे तुकडे आणि जाड रेती जागेवर राहते, साधारण ०.१ ते ०.५ मिलिमीटर व्यासाची कोरडी वाळू उड्या मारत मागच्या वाळूच्या टेकड्यांकडे सरकते, आणि पडणाऱ्या कणांच्या धक्क्याने थोडी जाड वाळू नुसतीच घरंगळत पुढे जाते.

किनाऱ्यावर जाण्यापूर्वी उन्हाळ्यात पंढरपूरला चंद्रभागेच्या कोरड्या वाळवंटात एक दुपार घालवावी. तेथे वाऱ्याने पडलेल्या लहान लहरींवर गुडघे टेकून पाहिल्यास लहरीच्या माथ्यावर जाड कण आणि खोलगटीत बारीक कण दिसतात. तळहाताएवढ्या जागेवर पाणी शिंपडून शेजारची कोरडी वाळू व ती ओली वाळू यांची तुलना करावी, म्हणजे ओलाव्याने कण एकमेकांना कसे धरून ठेवतात हे वेगळे सांगावे लागत नाही. कोकणात पावसाळ्यातील वारा जोरकस असूनही टेकड्या त्या काळात फारशा वाढत नाहीत, याचे एक कारण हेच आहे. दुसरे कारण असे की त्या महिन्यांत उंच लाटा पुळणच खरवडून नेतात आणि वाळू उरतेच थोडी. म्हणून मोजमापासाठी फेब्रुवारी ते मे या काळातील दुपार निवडावी, कारण तेव्हा पुळण रुंद व कोरडी असते आणि समुद्रावरून येणारा वारा भरात असतो.

उडणारी वाळू पकडून मोजण्याचा सापळा घरीच करता येतो. सुमारे एक मीटर लांबीच्या पीव्हीसी नळीच्या वरच्या अर्ध्या भागात समोर एक सेंटिमीटर रुंदीची उभी फट पाडावी, मागे अधिक रुंद फट पाडून तीवर अतिशय बारीक विणीची जाळी ताणून चिकटवावी, खालचे तोंड बंद करावे आणि वरही झाकण बसवावे. जाळीतून वारा निघून गेला पाहिजे, वाळू नव्हे. सोलापुरात कापडाला तोटा नाही, तरी टॉवेलचे कापड येथे चालत नाही. फटीची खालची कड वाळूच्या पृष्ठभागाशी अगदी समतल येईल अशी नळी गाडावी. पहिल्या खेपेस आमची कड बोटभर वर राहिली, आणि उडणारी बहुतेक वाळू पृष्ठभागालगतच धावत असल्याने सापळा जवळजवळ रिकामा निघाला.

फट वाऱ्याच्या तोंडाला ठेवून वीस मिनिटांनी वाळू काढावी, गोड्या पाण्याने धुऊन मीठ काढावे, भट्टीत १०५ अंश सेल्सिअसला वाळवावी आणि मगच तोलावी. समजा, ५० ग्रॅम वाळू मिळाली, तर एक मीटर रुंदीत वीस मिनिटांत ५ किलो आणि तासाला १५ किलो वाळू गेली. घनफळ सुमारे ९ लिटर, म्हणजे घमेलेभरही नाही. परंतु शंभर मीटर किनाऱ्यावर तीच तासाला दीड टन होते. वाऱ्याचा वेग सोबत नोंदवणे अत्यावश्यक आहे. वाळवंटातील वाळूचा अभ्यास करणारे ब्रिटिश संशोधक बॅगनॉल्ड यांच्या १९४१ सालच्या ग्रंथातील सूत्रानुसार वाळूचे वहन वाऱ्याच्या घर्षणवेगाच्या (वारा पृष्ठभागाला किती जोराने घासतो हे दाखवणाऱ्या वेगाच्या) घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे एका जोरकस दुपारची नोंद आठवडाभराच्या मंद वाऱ्याला लागू करणे ही मोठी चूक ठरते.

या आकड्यांचा उपयोग टेकडीसाठी वाळू अडवणारे कुंपण घालावे की नाही हे ठरवण्यासाठी करावा. टेकडी हे पुळणीचे पेव आहे : शांत दिवसांत वारा ते भरतो, वादळात लाटा टेकडीचा पायथा कापून वाळू परत नेतात, आणि ती उथळ समुद्रात साचून पुढे हळूहळू किनाऱ्याला लागते. जेथे कोरडी पुळण अरुंद आहे आणि सापळ्यात काही येत नाही, तेथे कुंपणाने पेव भरत नाही. खर्च मात्र होतो. वाळू येत असेल तर भरतीरेषेच्या बऱ्याच वर झावळ्यांचे किंवा काठ्यांचे, निम्मे अंग मोकळे असलेले कुंपण घालावे. भरीव भिंतीपाशी वारा भोवरे घेऊन पायथाच उकरतो. कुंपणामागे मर्यादवेल आणि रावणाच्या मिशा लावाव्यात, कारण या वनस्पती वाळूत गाडल्या गेल्या तरी पुन्हा वर येतात. कासवे अंडी घालण्यास येतात तेथे सलग कुंपण घालू नये. किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेत वाळूच्या टेकड्या संवेदनशील क्षेत्रात धरल्या असल्याने काम हाती घेण्यापूर्वी परवानगीची चौकशी करावी.

काम झाल्यावर टेकडीच्या समुद्राकडील उतारावर खुणा केलेले लोखंडी गज ओळीने रोवून ठेवावेत आणि गजाचा किती भाग उघडा आहे हे दर महिन्याला मोजावे. सोलापूरहून दर महिन्याला जाणे जमत नसेल, तर गावातील एखाद्या शाळेला मोजपट्टी आणि वही देऊन यावे.