नवजात मेंदूचे स्कॅन आणि दोन वर्षांनी येणारं उत्तर

'मेडिकल एआय' म्हटलं की नव्या मुलांच्या डोळ्यांसमोर जीपीयू, कोड आणि पेपर येतो. मी ज्या कामात आहे त्यात हे सगळं आहे, पण तोच त्यातला सोपा भाग. जन्मताना ऑक्सिजन कमी पडलेल्या बाळांचे एमआरआय बघून पुढे काय होईल याचा अंदाज बांधायचा, हे आमचं काम. मी इन्स्ट्रुमेंटेशनमधून इकडे आले, डॉक्टर नाही. इंजिनिअरिंग, फिजिक्स, स्टॅटिस्टिक्स किंवा एमबीबीएस करून या वाटेला येणाऱ्यांना सुरुवातीला कुणी फारसं सांगत नाही, ते लिहिते.

आधी आजार. 'बाळ जन्मल्यावर रडलंच नाही' असं आपल्याकडे घरोघर सांगतात, त्यातल्या काही बाळांची ही गोष्ट. वार वेळेआधी सुटली, नाळ आधी बाहेर आली, गर्भाशय फाटलं किंवा बाळंतपण अडलं, की मेंदूला रक्त आणि ऑक्सिजन पुरत नाही. त्यातून होणाऱ्या मेंदूविकाराचं नाव हायपॉक्सिक इस्किमिक एन्सेफॅलोपॅथी. वॉर्डात सगळे एचआयईच म्हणतात. श्रीमंत देशांत हजारात एक ते तीन बाळांना तो होतो, आपल्याकडे प्रमाण बरंच जास्त. तिथला नेहमीचा उपचार म्हणजे जन्मापासून सहा तासांच्या आत बाळाचं तापमान ३३.५ अंशांवर आणायचं आणि ७२ तास तिथेच ठेवायचं. २००५ आणि २००९ मध्ये मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष आले आणि ही पद्धत रुळली. बाळ परत ऊबदार केलं की साधारण चौथ्या-पाचव्या दिवशी एमआरआय होतो. त्याच्या दुसऱ्या दिवशी आईबाप विचारतात: चालेल का? बोलेल का?

चित्र वाचणं पुस्तकातून येत नाही, रेडिओलॉजिस्टशेजारी बसूनच येतं. दोन ढंग मात्र पहिल्या आठवड्यातच ओळखायला शिका. रक्तपुरवठा अचानक आणि जवळजवळ पूर्ण तुटला, तर मेंदूच्या पोटातली केंद्रकं, म्हणजे बेसल गँग्लिया आणि थॅलॅमस, आधी जातात. जन्माच्या सुमारास हाच भाग सगळ्यात जास्त ऊर्जा खात असतो. पुरवठा अर्धवट पण बराच वेळ कमी राहिला, तर मोठ्या रक्तवाहिन्यांच्या हद्दींवरचे पट्टे मार खातात. कालव्याला पाणी कमी सुटलं की टेलचं शेत आधी वाळतं, तसंच. पहिल्या प्रकारात हातापायांच्या हालचाली बिघडतात, सेरेब्रल पाल्सीचा धोका मोठा असतो. दुसऱ्या प्रकारातलं मूल बहुतेकदा चालतं; भाषा, लक्ष, शाळेतला अभ्यास इथे अडचण येते, आणि ती उशिरा कळते.

एक खूण तर घोकूनच ठेवा. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या टी-वन चित्रात (एमआरआयचा एक प्रकार) इंटर्नल कॅप्सूलच्या, म्हणजे हालचालींचे तंतू जातात त्या वाटेच्या, मागच्या भागात एक छोटी उजळ रेघ दिसते, कारण तिथे मायलिन, म्हणजे तंतूंवरचं आवरण, चढायला लागलेलं असतं. ती रेघ पुसली गेली किंवा उलटी, काळी दिसली, तर हालचालींचं भविष्य चांगलं नाही. मेरी रदरफोर्ड आणि त्यांच्या लंडनच्या सहकाऱ्यांनी हे १९९८ मध्ये मांडलं आणि आजही रिपोर्ट लिहिताना नजर आधी तिथेच जाते. पण अटी आहेत. बाळ ३७ आठवड्यांच्या आतलं असेल तर मायलिनच आलेलं नसतं, मग रेघ नसण्याला अर्थ नाही. आणि पहिल्या एक-दोन दिवसांत दुखापत असूनही रेघ शाबूत दिसू शकते.

वेळेचा हा मुद्दा डिफ्युजन चित्रांत, म्हणजे पाण्याची हालचाल मोजणाऱ्या एमआरआयमध्ये, आणखी टोकाला जातो. पेशी सुजल्या की पाण्याच्या रेणूंची हालचाल आखडते आणि एडीसी नकाशावर, म्हणजे ती हालचाल आकड्यांत दाखवणाऱ्या चित्रावर, तो भाग काळवंडतो. पहिल्या चोवीस तासांत दुखापत असते त्याहून कमी दिसते, तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या आसपास नीट दिसते, आणि आठवडा सरताना आकडे पुन्हा नॉर्मलसारखे होतात. मेंदू बरा झालेला नसतो, फक्त आकडा फसवतो. थंड केलेल्या बाळांत हा फसवा टप्पा आणखी काही दिवस पुढे सरकतो. आता विचार करा: तुमच्या डेटात एक बाळ दुसऱ्या दिवसाचं, एक पाचव्या, एक अकराव्या. कारण अकराव्याचं व्हेंटिलेटर निघायलाच उशीर झाला. मॉडेल खुशाल तारीख शिकतं आणि आपल्याला वाटतं दुखापत शिकलं. बाळाचं वय तासांत नोंदवलेलं नसेल, तर तो डेटा हातात घेण्याआधी पेशंटच्या फाईली मागवा.

स्पेक्ट्रोस्कोपी बहुतेक इंजिनिअर टाळतात, का ते मला कळत नाही. चित्राऐवजी थॅलॅमसच्या एका छोट्या ठोकळ्यातली रसायनं मोजायची. लॅक्टेट वाढलं का, आणि चेतापेशींची खूण असलेलं एन-ॲसिटाइल ॲस्पार्टेट घटलं का. २०१९ मध्ये ब्रिटन-अमेरिकेतल्या आठ केंद्रांतल्या, थंड केलेल्या २२३ बाळांचा अभ्यास 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी'त आला. त्यात थॅलॅमसमधल्या या एका रसायनाच्या मोजणीनं दोन वर्षांनंतरचा निकाल एयूसी ०.९९ (१ म्हणजे अचूक, ०.५ म्हणजे नाणेफेक) इतक्या अचूकतेनं सांगितला. एक ठोकळा, एक आकडा! त्यानंतर कुणी मला सत्तर थरांच्या नेटवर्कचं ०.८३ दाखवलं की मी चहा मागवते. अर्थात हे जमायला सगळ्या स्कॅनरवर तोच प्रोटोकॉल, ठोकळा त्याच जागी आणि शिकलेला टेक्निशियन लागतो, आणि तिथेच बहुतेक ठिकाणी गाडी अडते.

आता खरी अडचण. स्कॅन पाचव्या दिवशी होतो, उत्तर दीड-दोन वर्षांनी येतं. ते देते बेली ही मुलांची विकासचाचणी, किंवा भारतात डीएएसआयआय, म्हणजे बडोद्यात घडलेली आपल्या मुलांसाठीची विकासचाचणी. ती करायला प्रशिक्षित माणूस, शांत खोली आणि समोर बसलेलं मूल लागतं. मूल येतच नाही हे इथलं रोजचं वास्तव. पहिलं बाळंतपण माहेरी, मग आई सासरी परतते. नाशिकला जन्मलेलं बाळ सहा महिन्यांनी सुरतेत असतं, फाईलवरचा मोबाईल मामाचा आणि तो नंबर बंद. बरं, जे येत नाहीत ते सगळे ठणठणीत असतात असंही नाही, आणि सगळे वाईटच असतात असंही नाही; म्हणून त्यांना गाळून केलेलं गणित वाकडं होतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी यांच्या गटानं कमी वजनाच्या बाळांचा अठरा वर्षांपर्यंत माग ठेवला. आजार वेगळा, पण चिकाटी काय चीज असते ते बघायला ते लेख जरूर वाचा.

यात अनुदानाचं त्रांगडं मिसळा. प्रोजेक्ट साधारण तीन वर्षांचा असतो. बाळं गोळा करण्यात दीड-दोन वर्षं, मग शेवटच्या बाळाला दोन वर्षांचं व्हायला आणखी दोन. म्हणून जेआरएफच्या (कनिष्ठ संशोधक शिष्यवृत्तीच्या) मुलाखतीला जाल तेव्हा पगाराइतक्याच मोकळेपणानं विचारा, की तुमच्याकडची किती मुलं दोन वर्षांच्या पुढे गेली आहेत आणि त्यांपैकी किती तपासून झाली. समोरच्याला प्रश्न आवडला नाही, तर तेही उत्तरच.

लेबलमध्ये, म्हणजे मॉडेलला शिकवायला दिलेल्या उत्तरात, आणखी एक खाच आहे. स्कॅन फारच वाईट दिसला म्हणून काही देशांत व्हेंटिलेटर काढण्याचा निर्णय होतो. ते बाळ डेटात 'मृत्यू' म्हणून जातं आणि मॉडेलचा अंदाज बरोबर ठरतो. पण तो निर्णय स्कॅन बघूनच झाला होता! पेपर वाचताना मृत्यू आणि अपंगत्व एकाच डब्यात घातलंय का, हे बघायची सवय लावून घ्या.

एयूसीवर भाळू नका, साधी बेरीज करा. समजा शंभर बाळांत वीस जणांना पुढे गंभीर त्रास होणार आहे. तुमचं मॉडेल ९० टक्के आजारी पकडतं आणि ८० टक्के निरोगी बरोबर ओळखतं. म्हणजे अठरा बरोबर पकडले, आणि ऐंशीतल्या सोळांनाही धोक्याचा शिक्का लागला. चौतीस घरांना वाईट बातमी, त्यातल्या सोळा घरांना उगाच.

दुसऱ्या देशाचं मॉडेल उचलून इथे लावायचा मोह होईल. त्याआधी हेलिक्स चाचणी वाचा, २०२१. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातली ४०८ बाळं, मुंबईचं सायन रुग्णालयही त्यात होतं. ज्या थंड करण्यानं पश्चिमेत जीव वाचतात, त्यानं इथे फायदा दिसला नाही. उलट थंड केलेल्या गटात ४२ टक्के दगावली, दुसऱ्यात ३१ टक्के. उपचारच जिथे तसा चालत नाही, तिथे त्या बाळांवर शिकलेलं मॉडेल चालेल असं गृहीत धरायला आधार काय?

सराव करायला खुला डेटा आहे. बोस्टनच्या गटानं बॉनबिड-एचआयई नावानं १३३ बाळांचे एडीसी नकाशे, तज्ज्ञांनी आखलेल्या दुखापतींसह, संशोधकांसाठी उपलब्ध केले आणि २०२३ मध्ये त्यावर स्पर्धाही घेतली. निरोगी नवजात मेंदू बघायला ब्रिटनचा डेव्हलपिंग ह्यूमन कनेक्टोम प्रोजेक्ट आहे. हात लावलात की कळेल, मोठ्यांच्या मेंदूवर चालणारी तयार साधनं इथे कोलमडतात, कारण नवजात मेंदूत पांढऱ्या आणि करड्या भागाचा उजळपणा जवळपास उलटा असतो. दुखापती बऱ्याचदा इतक्या बारीक आणि विखुरलेल्या असतात की मेंदूचा एक टक्काही भरत नाही. त्यामुळे 'सगळं नॉर्मल' म्हणणारं मॉडेलही व्हॉक्सेलच्या (चित्रातल्या बारीक ठोकळ्यांच्या) हिशेबात हुशार दिसतं. आणि एकाच बाळाच्या स्कॅनच्या काही स्लाइस (काप) मॉडेलच्या ट्रेनिंगमध्ये, काही टेस्टमध्ये, हा घोटाळा पीएचडीच्या प्रबंधांतही सापडतो. विभागणी बाळानुसारच करा.

थ्रीडी स्लायसर किंवा आयटीके-स्नॅप ही स्कॅन बघायची सॉफ्टवेअर, पायथन, आणि थोडी एमआर फिजिक्स, एवढ्यावर सुरुवात होते. त्यासोबत एकदा तरी स्कॅनच्या वेळी कन्सोलच्या खोलीत थांबा. सिस्टर बाळाला पाजून, दुपट्यात घट्ट गुंडाळून आणते, कानांवर आवाजरोधक लावतात, झोपेचं औषध शक्यतो टाळतात. मध्येच बाळ हललं की शेवटची सिक्वेन्स जाते. आणि शेवटी ठेवलेली असते ती स्पेक्ट्रोस्कोपी. डेटात ती इतक्या बाळांची का नाही, हे तिथे उभं राहिल्यावर कळतं.

गळ्यात आयकार्ड असलं की पालक तुम्हालाही डॉक्टरच समजतात. 'मॅडम, फोटो कसा आलाय?' असं जिन्यात विचारतात. स्कॅनबद्दल एक शब्दही बोलू नका, 'बरं दिसतंय' सुद्धा नाही. मोठे डॉक्टर बसवून सांगतील एवढंच सांगा. पण एक माहिती कुणीही देऊ शकतं, आणि ती द्याच. जिल्हा रुग्णालयांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली डीईआयसी, म्हणजे लवकर उपचार केंद्र असतं. फिजिओथेरपी, वाचा-उपचार, कान-डोळ्यांची तपासणी तिथे मोफत होते. मान उशिरा धरली, पालथं पडायला वेळ लागला, तर दोन वर्षांची वाट न बघता तिथे जायचं. त्यांच्या जिल्ह्याच्या केंद्राचा पत्ता डिस्चार्ज कार्डाच्या मागे लिहून द्या, आणि मामाच्या नंबरासोबत आजीचाही नंबर फाईलवर घ्या.