लहान मुलाच्या ऑपरेशनचा दिवस: आई-वडिलांनी करावयाची तयारी

लहान मुलाचे ऑपरेशन ठरले की घरातील सगळ्यांना पहिली धास्ती वाटते ती भुलीची. आमच्या मुलाच्या जांघेतील हर्नियाचे ऑपरेशन नागपूरच्या धंतोलीतील एका रुग्णालयात झाले, तेव्हा आमचीही तीच अवस्था होती. हा हर्निया आपोआप भरून येत नाही आणि पट्टा बांधूनही जात नाही, हे ठाऊक असूनही मन तयार होत नव्हते. त्या दिवसातून गेल्यावर माझे ठाम मत झाले आहे, की आई-वडिलांच्या हातात दोनच महत्त्वाच्या गोष्टी असतात: भूलतज्ज्ञाला खरे सांगणे आणि मुलालाही खरे सांगणे.

भूलपूर्व तपासणीला मुलाला नीट ओळखणाऱ्या व्यक्तीनेच जावे. दम्याचा किंवा ॲलर्जीचा त्रास, सध्या चालू असलेली औषधे (आयुर्वेदिक काढे आणि घुटीसुद्धा), नुकतीच घेतलेली लस, झोपेतील घोरणे, हलणारा दात आणि घराण्यात कोणाला भुलीमुळे झालेला त्रास, हे सर्व न विचारता सांगावे. सर्वांत जास्त लपवली जाते ती सर्दी. गोंदियाहून मामा आलेले असतात, कार्यालयातून रजा मिळालेली असते आणि नाक थोडेसेच वाहते आहे, म्हणून कोणी बोलत नाही. परंतु सर्दी-खोकल्यात श्वासनलिका संवेदनशील झालेली असते आणि भूल देताना ती आकुंचन पावण्याची शक्यता वाढते. तातडीचे नसलेले ऑपरेशन अशा वेळी काही आठवडे पुढे ढकलले जाते, आणि ते ढकलणे मुलाच्या हिताचेच असते. भुलीचा मेंदूवर परिणाम होईल का, हा प्रश्नही याच भेटीत विचारावा. तान्ह्या वयात एकदाच दिलेल्या, तासाभराहून कमी वेळाच्या भुलीमुळे पाचव्या वर्षी बुद्धीच्या वाढीत फरक आढळला नाही, असे 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात दिसून आले आहे.

उपाशी ठेवण्याचे वेळापत्रक रुग्णालयाकडून लिहूनच घ्यावे. सर्वसाधारण नियम असा आहे, की जेवण, बिस्किटे, गाईचे दूध किंवा डब्याचे दूध 6 तास आधी बंद करावे, अंगावरचे दूध 4 तास आधी आणि साधे पाणी 2 तास आधी. भुलीत गिळण्याची आणि खोकण्याची प्रतिक्षिप्त क्रिया थांबते, त्यामुळे पोटातील अन्न वर येऊन फुप्फुसात जाऊ शकते. हे कारण आजी-आजोबांना आदल्या संध्याकाळीच शांतपणे समजावून सांगावे, कारण लेकरू उपाशी आहे हे न बघवल्यामुळे मायेपोटी हातावर ठेवलेले एक बिस्किटही ऑपरेशन रद्द करायला पुरेसे असते. आपल्याकडे संत्र्याचा रस पाण्यासारखाच समजला जातो, पण त्यात गर असल्यामुळे तो पाण्याच्या नियमात बसत नाही. दुसरीकडे, रात्रीपासून पाण्याचा थेंबही न देणे हेही चुकीचे आहे. नागपूरच्या मे महिन्यात, पारा 45 अंशांच्या आसपास असताना, तहानलेले मूल चिडचिडे होते आणि सुईसाठी शीर सापडणेही अवघड जाते. म्हणून परवानगी असलेल्या शेवटच्या वेळेपर्यंत पाणी द्यावे आणि शक्य असल्यास सकाळची पहिली वेळ मागावी.

मुलाला सांगण्याबाबत मी आग्रही आहे. ‘आपण फुटाळा तलावावर फिरायला जात आहोत’ असे सांगून मुलाला रुग्णालयात नेऊ नये. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला एक-दोन दिवस आधी, मोजक्या शब्दांत सांगावे: पोटाजवळचा फुगा डॉक्टर बरा करणार आहेत, त्या वेळी ते विशेष औषधाने झोप आणतील, त्या झोपेत काहीही दुखणार नाही आणि काम झाले की ते जागे करतील. सुई टोचणारच नाही, असे वचन देऊ नये. त्याऐवजी त्वचा बधिर करणारे मलम मिळेल का, हे आधी विचारावे. ते तासभर आधी लावावे लागते. या वयात मुलांना ऑपरेशन ही खोडीची शिक्षा वाटू शकते, म्हणून तसे नाही हे स्पष्ट शब्दांत सांगावे.

सकाळी आंघोळ घालून काजळ, नेलपॉलिश, वाळे, करदोडा आणि गळ्यातील काळा दोरा काढून ठेवावा. नखावरील रंगामुळे रक्तातील प्राणवायू मोजणाऱ्या चिमट्याच्या नोंदीत अडथळा येऊ शकतो. दोऱ्यासाठी वडीलधारे नाराज होत असतील तर तो आईने आपल्या हातात बांधावा. सोबत समोरून उघडणारा सैल सदरा, आवडते खेळणे, जुने अहवाल, आधार आणि शिधापत्रिका असावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार होणार असतील, तर रुग्णालयातील आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, काही दिवस आधीच भेटावे. धंतोली-रामदासपेठेत गाडी लावायला जागा मिळणे कठीण असते, आणि मिहानमधील एम्स शहराच्या मध्यापासून बरेच दूर आहे. निघण्याची वेळ तशी ठरवावी.

भूल चढेपर्यंत पालकांपैकी एकाला आत राहू देतात का, हे आधी विचारावे. आत जाणाऱ्याने हे जाणून असावे, की मास्कमधून भूल चढताना मुलाचे डोळे फिरतात, हातपाय हलतात, श्वास घोरल्यासारखा वाटतो आणि मग अंग एकदम सैल पडते. हे नेहमीचे आहे. परिचारिकेने सांगताच बाहेर यावे. बाहेरचा वेळ मात्र मोठा वाटतो. अर्ध्या तासाच्या ऑपरेशनला भूल देणे आणि जागे करणे धरून दीड तासही लागू शकतो, आणि उशीर म्हणजे संकट नव्हे. नातेवाइकांचे फोन घेण्याचे काम घरातील एकाच व्यक्तीकडे द्यावे.

जागे झाल्यावर काही मुले, विशेषतः दोन ते पाच वर्षांची, आई-वडिलांनाही न ओळखल्यासारखी किंचाळतात आणि हातपाय झाडतात. हा भूल उतरतानाचा गोंधळ असतो आणि बहुधा अर्ध्या तासात ओसरतो. सलाइनचा हात सांभाळावा, हळू आवाजात बोलावे, आणि वेदना तर नाहीत ना हे डॉक्टरांना पाहण्यास सांगावे. कमरेखाली बधिरीकरण केले असेल तर काही तास पाय लटपटतात, त्यामुळे मुलाला एकटे उभे करू नये.

घरी नेण्यापूर्वी वेदनाशामकाचे प्रमाण चमच्यात नव्हे, मिलिलिटरमध्ये लिहून घ्यावे. पॅरासिटामॉलच्या बाटल्या 5 मिलिलिटरमागे 120 आणि 250 मिलिग्रॅम अशा वेगवेगळ्या तीव्रतेच्या मिळतात, त्यामुळे बाटली बदलली की दुप्पट किंवा निम्मे औषध दिले जाण्याचा धोका असतो. ॲस्पिरिन देऊ नये. वारंवार उलट्या, लघवी न होणे, ताप, जखमेतून रक्त किंवा पू, किंवा श्वासाला त्रास दिसल्यास रात्र असली तरी थांबू नये. टॉन्सिल काढलेल्या मुलाच्या तोंडातून रक्त आले, आणि ते पाचव्या ते दहाव्या दिवसांतही येऊ शकते, तर लगेच रुग्णालय गाठावे. पुढील एक-दोन आठवडे मूल रात्री दचकून उठेल, आईला चिकटून राहील, कदाचित पुन्हा अंथरूण ओले करेल. त्यावर रागावू नये, आणि हे अनेक आठवडे टिकले तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.