नव्या नोकरीत वारीची रजा कधी मागायची?

मी पुण्यात पेरोलचं, म्हणजे पगाराच्या हिशेबाचं, काम करते आणि दरवर्षी फलटण ते पंढरपूर माउलींच्या पालखीबरोबर चालते. आधी वडील जायचे. त्यांचे गुडघे गेले आणि दिंडीतली त्यांची जागा माझ्याकडे आली. तेव्हापासून तीनदा नोकरी बदलली. दर वेळी पोटात गोळा एकाच गोष्टीचा: हे रजेचं सांगायचं कधी?

उत्तर आधीच देते. पगाराचा आकडा ठरला आणि एचआरने "आम्ही ऑफर काढतोय" म्हटलं, की त्याच फोनवर सांगायचं. जुन्या ठिकाणी राजीनामा टाकायच्या आत.

हे मी दोन्ही बाजूंनी चुकून शिकले. एकदा पहिल्याच फेरीत प्रामाणिकपणा दाखवला. "काही विचारायचंय?" म्हटल्यावर मी थेट आषाढातल्या रजेचा विषय काढला. समोरच्या मॅडम हसल्या, वहीत काहीतरी लिहिलं, आणि पुन्हा फोन आला नाही. कारण तेच असेल असं नाही, पण त्या घडीला मी त्यांच्यासाठी ढिगातला एक बायोडेटा होते. तो बाजूला सारायला एवढं पुरतं.

दुसऱ्यांदा गप्प बसले. मे २०२३ मध्ये रुजू झाले, म्हटलं आत गेल्यावर बघू. त्या वर्षी एकादशी २९ जूनला, म्हणजे नेमकी पगाराच्या तोंडावर. साहेब म्हणाले, "हे आधी सांगितलं असतं तर सोय केली असती." त्यांचं चुकलं नव्हतं. २७ तारखेला पगाराची फाइल बँकेत पाठवली, रात्रीची एसटी धरली आणि पहाटे पंढरपूरच्या अलीकडे वाखरीला दिंडी गाठली. फलटणचा मुक्काम नाही, वेळापूर नाही. आठ दिवसांची वाट एका दिवसावर आली.

म्हणून आता मुलाखतीला जायच्या आधी कालनिर्णय उघडते. तिथी दरवर्षी सरकते. यंदा, २०२६ मध्ये, ज्येष्ठ अधिक आल्यामुळे एकादशी थेट २५ जुलैला, शनिवारी आहे. मला १७ ते २६ हवेत. शनिवार-रविवार वगळले तर कामाचे दिवस सहाच. फोनवर "दहा दिवस रजा" म्हणू नका, "सहा दिवस" म्हणा. खोटं काहीच नाही त्यात.

मग आपल्या कामाच्या तारखा त्याला लावून बघायच्या. माझ्या बाबतीत टीडीएस (पगारातून कापलेला आयकर) ७ तारखेला आणि पीएफ १५ तारखेपर्यंत भरलेला असतो, पगाराचं काम २७ पासून सुरू करता येतं. तिमाहीचं टीडीएस रिटर्न ३१ जुलैपर्यंत. त्याचा डेटा मी निघायच्या आधी जुळवून ठेवू शकते. फोनवर एवढंच बोलते: "ऑफरबद्दल आभार. एक आधीच ठरलेलं आहे, १७ ते २४ जुलै मला सहा दिवस रजा लागेल. पीएफ भरून निघेन, पगाराच्या कामाला २७ ला हजर असेन. बिनपगारी धरलीत तरी चालेल."

ते शेवटचं वाक्य उदारपणा नाही. नव्या माणसाच्या खात्यात भरपगारी रजा जवळजवळ नसतेच. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यातही वर्षात २४० दिवस काम झाल्यावरच दर २० दिवसांमागे एक रजा मिळते. पैसे कापले जाणारच आहेत, तर आपणच आधी म्हणावं.

हो मिळालं की लगेच ईमेल: "आज फोनवर ठरल्याप्रमाणे..." आणि तारखा. ऑफर लेटरमध्ये ओळ आली तर उत्तम, पण कंपन्यांचे साचे ठरलेले असतात, हट्ट धरू नका. ईमेलला "ओके, नोटेड" एवढं उत्तर आलं तरी भागतं. ते येईपर्यंत राजीनामा टाकू नका. नव्वद दिवसांची नोटीस सुरू झाली की तुमच्या हातात काही उरत नाही, आणि एचआरवाले बदलतातही. मला ऑफर देणाऱ्या मॅडम मी रुजू व्हायच्या आधीच सोडून गेल्या होत्या. तो ईमेल होता म्हणून निभावलं.

तारखा जवळ असतील तर रजा मागूच नका, रुजू होण्याची तारीखच २७ जुलै मागा. नोटीसच्या काळात जुन्या कंपनीत रजा टाकायचा मोह मात्र टाळा. बऱ्याच ठिकाणी तितके दिवस नोटीस पुढे ढकलतात.

फॉर्ममध्ये "ठरलेल्या रजा आहेत का" असा रकाना असेल तर थांबायचं नाही, तिथेच खरं लिहायचं. घरातलं लग्न, डोळ्याचं ऑपरेशन, यालाही हाच हिशेब. बाळंतपणाचा वेगळा: भरपगारी रजेसाठी प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत त्या कंपनीत ८० दिवस काम झालेलं लागतं, तेव्हा आधी दिवस मोजा.

कारण सांगायचं का? सक्ती नाही, "घरचं ठरलेलं काम" पुरतं. मी वारीच म्हणते. "फॅमिली फंक्शन" सांगून चंद्रभागेच्या वाळवंटातला फोटो स्टेटसला टाकणाऱ्या एका सहकाऱ्याचं काय झालं ते मी पाहिलंय.