ॲनेक्सवालं घर घेताना स्टँप ड्यूटीसाठी काय काय जमवायचं

इंग्लंडमध्ये आई-बाबांसाठी ॲनेक्स (मुख्य घराला जोडून किंवा त्याच्या आवारात राहण्यासाठी केलेला छोटा वेगळा भाग) असलेलं घर बघत असाल, तर आधी एक जुनी आशा सोडून द्या. घर आणि ॲनेक्स ही दोन स्वतंत्र घरं दाखवून स्टँप ड्यूटी कमी करून घेण्याची जी सोय होती, ती मल्टिपल ड्वेलिंग्ज रिलीफ, १ जून २०२४ पासून बंद झाली. ६ मार्च २०२४ च्या बजेटमध्ये तशी घोषणा झाली होती. त्या दिवशी किंवा त्याआधी कॉन्ट्रॅक्ट एक्सचेंज (दोन्ही बाजूंनी करार पक्का होणं) झालं असेल आणि नंतर त्यात फेरफार केला नसेल, तरच ती सवलत अजून लागू होऊ शकते. असं कॉन्ट्रॅक्ट असेल तर त्याची तारखेसहित प्रत फाइलमध्ये सगळ्यात वर लावा. नसेल तर त्या सवलतीबद्दलचे जुने लेख वाचण्यात वेळ घालवू नका.

हे सगळं इंग्लंड आणि उत्तर आयर्लंडपुरतं आहे. वेल्स आणि स्कॉटलंडचा कर वेगळा आणि नियमही वेगळे.

उरलेली सवलत अशी: एकाच व्यवहारात दोन घरं घेतली की एरवी वाढीव दर लागतो. तो ३१ ऑक्टोबर २०२४ पासून ५ टक्के जादा आहे, त्याआधी ३ होता. पण दुसरं घर मुख्य घराच्याच इमारतीत किंवा आवारात असेल आणि एकूण किमतीत मुख्य घराचा वाटा दोन-तृतीयांश किंवा जास्त असेल, तर ते दुय्यम धरतात आणि केवळ त्याच्यामुळे वाढीव दर लागत नाही. म्हणजे पूर्वी ॲनेक्स ‘स्वतंत्र घर’ ठरावं म्हणून खटपट चालायची. आता ते स्वतंत्र ठरलं नाही तरी तुमचं काही बिघडत नाही. स्वतंत्रही ठरलं आणि महागही ठरलं, तरच बिघडतं. तयारी करायची ती या वाट्याची.

आकडा मांडून बघा. घर ७,५०,००० पौंडांना पडतंय. १ एप्रिल २०२५ पासूनच्या दरांनी पहिल्या १,२५,००० वर काही नाही, पुढच्या १,२५,००० वर २ टक्के आणि उरलेल्या ५,००,००० वर ५ टक्के, म्हणजे एकूण २७,५०० पौंड. वाढीव दर लागला तर त्यात ३७,५०० ची भर पडून ६५,०००. या किमतीत ॲनेक्सचा वाटा २,५०,००० च्या वर गेला नाही पाहिजे. वाटा मोजायचा किमतीने, चौरस फुटांनी नव्हे. आवारात दोन ॲनेक्स असतील तर दोन्हींची बेरीज धरतात, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

म्हणून किमतीची फोड करणारा कागद हवा. माझं मत विचाराल तर ॲनेक्स म्हणजे गॅरेजचं रूपांतर करून केलेली एक खोली-बाथरूम असेल, तर व्हॅल्युअरवर पैसे घालवायची गरज नाही. जवळपासच्या एक बेडरूमच्या फ्लॅटच्या विक्रीच्या किमती आणि एस्टेट एजंटचं पत्र पुरेल. पण मागच्या बागेत दोन बेडरूमचा ऐसपैस बंगला उभा असेल, तर आरआयसीएस या सर्व्हेयरांच्या व्यावसायिक संस्थेच्या व्हॅल्युअरकडून फोड लेखी घ्या, आणि ती कम्प्लिशनच्या, म्हणजे पैसे देऊन घर ताब्यात येण्याच्या, आधी घ्या. नंतर तुम्हाला सोयीचा आकडा काढून आणलेला कागद कुणालाही तसाच दिसतो.

घर बघायला जाल तेव्हा फोटो काढा. ॲनेक्सला बाहेरून स्वतःचं दार आहे का, आतून मुख्य घराशी जोड आहे का, मधल्या दाराला कुलूप आहे का, सिंकला पाण्याची जोडणी आणि कुकरला (स्वयंपाकाच्या शेगडीला) जागा आहे का, मीटर वेगळे आहेत का. नुसता मायक्रोवेव्ह ठेवलेला कोपरा म्हणजे स्वयंपाकघर नव्हे. २०२१ साली अपर ट्रिब्युनलपुढे (करविषयक वादांच्या अपिलांचं न्यायाधिकरण) आलेल्या एका प्रकरणात घर आणि ॲनेक्स यांच्यामधल्या बोळाला दारच नव्हतं. ते वेगळं घर मानलं गेलं नाही. कम्प्लिशनच्या दिवशी वास्तू जशी आहे तशी बघतात, तुम्ही पुढे काय बांधणार ते नाही. माहितीपत्रकात ‘सेल्फ-कंटेन्ड’ छापलंय, यावर विसंबू नका. ती विक्रीची भाषा आहे.

सोबत काउन्सिलच्या पोर्टलवरून प्लॅनिंग परवानगी आणि तिच्या अटी उतरवून घ्या. ॲनेक्स मुख्य घराला पूरक म्हणूनच वापरायचं, वेगळं विकायचं किंवा भाड्याने द्यायचं नाही, अशी अट बऱ्याचदा असते. काउन्सिल टॅक्सचा (स्थानिक घरपट्टीचा) बँड म्हणजे करगट एक आहे की दोन, टायटल म्हणजे मालकीची नोंद एक आहे की दोन, हेही बघा. दोन बँड असले म्हणून लगेच घाबरू नका. ते अनेक पुराव्यांपैकी एक.

आता खरी मेख. ॲनेक्सचं गणित चोख जमलं तरी पुण्याचा फ्लॅट सगळं उधळू शकतो. दुसरं घर जगात कुठेही असो, ते मोजतात. कम्प्लिशनच्या दिवसअखेर तुमच्या नावावर ४०,००० पौंड किंवा त्याहून जास्त बाजारभावाचा घराचा हिस्सा असेल आणि तुम्ही आधीचं राहतं घर बदलत नसाल, तर पूर्ण किमतीवर वाढीव दर. एकत्र राहणारं नवरा-बायको एकच धरतात. बायकोच्या नावावर नाशिकला घर आहे आणि इथलं फक्त नवऱ्याच्या नावावर घेतलं, तरी सुटका नाही. १८ वर्षांखालच्या मुलांच्या नावावरची घरंही आईबापांचीच समजतात. वारसाने आलेला हिस्सा निम्मा किंवा त्याहून कमी असेल आणि तीन वर्षांच्या आत आलेला असेल, तर तो वगळतात. तेव्हा वाटणीपत्र, मृत्युपत्र, वारसनोंद, जे असेल ते आत्ताच मागवून घ्या. गावाकडच्या कागदांना वेळ लागतो, हे सांगायला नको.

फ्लॅट विकणारच असाल तर कम्प्लिशनआधी विका आणि खरेदीखताची नोंदणी त्याआधी पार पडू द्या. ‘नंतर विकून परतावा घेऊ’ हा बेत बहुतेकांना लागू पडत नाही, कारण परताव्यासाठी ते विकलेलं घर नव्या खरेदीआधीच्या तीन वर्षांत तुमचं मुख्य राहतं घर असावं लागतं. आठ वर्षं रेडिंगमध्ये भाड्याने राहणाऱ्याचा कोथरूडचा फ्लॅट त्यात बसत नाही. इथलंच जुनं राहतं घर विकायचं राहिलं असेल तर मात्र तीन वर्षांत विकून परतावा मागता येतो. अर्ज विक्रीनंतर १२ महिन्यांत करायचा.

आई-बाबांचं नाव टायटलवर घालावं का? ॲनेक्स त्यांच्यासाठी, पैसेही काही त्यांचे, म्हणून नाव घालावंसं वाटतं. पण खरेदीदारांपैकी एकाच्याही नावावर दुसरं घर असलं की वाढीव दर सगळ्या किमतीवर लागतो. वर आई-बाबा आधीच्या १२ महिन्यांत १८३ दिवस ब्रिटनमध्ये राहिलेले नसतील तर अनिवासी म्हणून आणखी २ टक्के. वरच्या उदाहरणात २७,५०० चे सरळ ८०,००० होतात. त्यांचे पैसे भेट म्हणून घेतले तर नाव घालावं लागत नाही. मग लेंडरला भेटीचं पत्र, सॉलिसिटरला पैशाच्या उगमाचे बँक स्टेटमेंट, आणि भारतातून पाठवताना रिझर्व्ह बँकेची माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा, एवढं सांभाळा. घरात त्यांचा कायदेशीर हक्क राहावा की नाही हा प्रश्न मात्र केवळ कराच्या आकड्यावर सोडवू नका. तो सगळ्यांनी बसून बोलायचा आहे.

हे सगळं सॉलिसिटरला एक्सचेंजआधी लेखी कळवा: ॲनेक्स आहे, किमतीची फोड अशी, जगभरातली मालमत्ता अशी. बरेच कन्व्हेयन्सर (घरखरेदीचं कायदेशीर काम बघणारे) कराचा सल्ला देत नाहीत, तुम्ही दिलेल्या उत्तरांवरून रिटर्न भरतात. कम्प्लिशनपासून १४ दिवसांत रिटर्न आणि पैसे दोन्ही जायला हवेत. कम्प्लिशनआधी किल्ल्या घेऊन आई-बाबांना ॲनेक्समध्ये राहायला आणलंत, तर घड्याळ त्याच दिवसापासून सुरू होऊ शकतं.

ॲनेक्स दुय्यम असूनही वाढीव दराने भरलं गेलं असेल, तर रिटर्नच्या मुदतीपासून १२ महिन्यांत दुरुस्ती करता येते. त्यासाठी यूटीआरएन (त्या व्यवहाराच्या रिटर्नचा) क्रमांक, भरलेलं रिटर्न, किमतीची फोड आणि टायटलचा नकाशा लागतो. दुरुस्ती मागणारं पत्र तुमचा सॉलिसिटरही लिहू शकतो. खरेदीनंतर ‘तुमचे हजारो पौंड परत मिळवून देतो, काम झालं तरच फी’ अशी पत्रं येऊ शकतात. दावा चुकीचा ठरला तर कर, व्याज आणि दंड तुमच्याकडून वसूल होतो, त्या कंपनीकडून नाही. आणि तिने कापून घेतलेली फी परत येईलच असं नाही.

राहायला गेल्यावर काउन्सिल टॅक्ससाठी वेगळा अर्ज करा. ॲनेक्सला स्वतंत्र बँड असेल आणि घरातलंच माणूस तिथे राहत असेल तर ५० टक्के सूट आहे. ६५ च्या वरचे अवलंबून असलेले आई-बाबा राहत असतील तर पूर्ण माफीही मिळू शकते. फाइल मात्र खरेदीपासून किमान सहा वर्षं टाकू नका, आणि किमतीच्या फोडीची एक प्रत सॉलिसिटरकडेही असू द्या.