अकरावी सायन्सला जाण्याआधी करायची तयारी

दहावीचा शेवटचा पेपर मार्चमध्ये संपतो आणि अकरावीचं पहिलं लेक्चर पावसाळा सुरू झाल्यावर होतं. सायन्स घ्यायचं पक्कं असेल तर या मधल्या दिवसांतला रोजचा तासभर पुढच्या कामांसाठी काढाच. मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. दहावीला नव्वदच्या पुढे मार्क असलेली मुलं पहिल्या चाचणीत जेमतेम पास होतात आणि ‘आपल्याला सायन्स झेपणार नाही’ म्हणून खचतात, हे दरवर्षी डोळ्यांसमोर घडतं. मुलं हुशारच असतात. वर्गात काय वाढून ठेवलंय, हे कोणी त्यांना आधी सांगितलेलं नसतं.

पहिलं काम विषय ठरवण्याचं. फिजिक्स आणि केमिस्ट्री बहुतेक सगळेच घेतात. प्रश्न येतो मॅथ्स आणि बायोलॉजीचा. इंजिनिअरिंगला पीसीएम आणि मेडिकलला पीसीबी लागतं, इतकं सगळ्यांना ठाऊक असतं. अजून मन ठरलेलं नसेल तर दोन्ही ठेवा, असं माझं स्पष्ट मत आहे. नुसत्या भीतीपोटी मॅथ्स सोडू नका आणि पाठांतराचा विषय म्हणून बायोला नाकं मुरडू नका. ज्यांना मुळात विज्ञानच शिकायचंय, त्यांच्यासाठी पुण्यात २००६ पासून आयसर ही विज्ञान शिक्षण आणि संशोधनाची केंद्रीय संस्था आहे, आणि तिथल्या प्रवेश परीक्षेत चारही विषयांचे प्रश्न असतात. काही कॉलेजांत कॉम्प्युटर सायन्स किंवा इलेक्ट्रॉनिक्सचा बायफोकल (व्यवसायाभिमुख विषयाचा) पर्यायही मिळतो. तो घेतला की कोणते विषय सुटतात, हे फॉर्म भरण्याआधीच ऑफिसात विचारून घ्या.

आता गणित. माझ्या दृष्टीने तयारीचा खरा भाग हाच. फिजिक्स मॅथ्ससाठी थांबत नाही. बालभारतीच्या अकरावी फिजिक्सच्या पुस्तकात दुसराच धडा गणिती पद्धतींचा आहे; त्यात व्हेक्टर येतात, डेरिव्हेटिव्ह येतं, इंटिग्रेशनही येतं. मॅथ्सच्या पुस्तकात मात्र डिफरन्शिएशन, म्हणजे डेरिव्हेटिव्ह काढणं, दुसऱ्या भागाच्या अगदी शेवटी आहे. म्हणजे फळ्यावर वेगासाठी ‘डीएक्स बाय डीटी’ लिहिलं जातं, तेव्हा मॅथ्सच्या वर्गात ते आलेलंच नसतं. इथेच निम्मा वर्ग गळतो. म्हणून सुट्टीत चार गोष्टी पक्क्या करा. शून्य ते नव्वद अंशांच्या साइन-कॉसच्या किमती झोपेतून उठवलं तरी सांगता आल्या पाहिजेत. नव्वदच्या पुढचे कोन आणि रेडियन म्हणजे काय, एवढं वाचून ठेवा. आलेखाचा चढ काढण्याचा सराव करा. पुढे डेरिव्हेटिव्ह म्हणून तोच भेटतो. आणि आकडे न घालता, नुसती अक्षरं ठेवून समीकरण सोडवायला शिका, कारण अकरावीत किंमत घालायची पाळी सगळ्यात शेवटी येते.

घातांकही घोटून घ्या. गुरुत्वीय स्थिरांक ६.६७ गुणिले दहाचा उणे अकरावा घात, ॲव्होगॅड्रो अंक ६.०२२ गुणिले दहाचा तेविसावा घात, अशा संख्यांचा गुणाकार-भागाकार रोजचाच होणार आहे. बोर्डाच्या पेपरात कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल, म्हणजे गुणाकार बेरजेने उरकायचे तक्ते, चालतं. ते छोटं पुस्तक आताच विकत आणा आणि रोज दोन उदाहरणं करा. समजा २.३५ ला ६.१२ ने गुणायचंय. टेबलात २३ च्या ओळीत ५ च्या रकान्याखाली ३७११ मिळतं, म्हणजे लॉग ०.३७११. तसंच ६१ च्या ओळीत २ खाली ७८६८, म्हणजे ०.७८६८. बेरीज १.१५७९. आता दशांशानंतरचं .१५७९ अँटिलॉगमध्ये बघायचं: .१५ च्या ओळीत ७ खाली १४३५, त्याच ओळीत उजवीकडच्या बारीक रकान्यांत ९ खाली ३, बेरीज १४३८. पूर्णांक १ आहे, म्हणून उत्तर १४.३८. हातावर बसलं की हे मिनिटाभरात होतं. न बसलेली मुलं पेपरात रीत बरोबर लिहितात आणि उत्तराशी येऊन अडकतात.

केमिस्ट्रीसाठी मोल (ॲव्होगॅड्रो अंकाएवढ्या कणांचा गट) ही कल्पना नीट समजून घ्या. पुढची सगळी गणितं तिच्यावर उभी आहेत. पहिली तीस मूलद्रव्यं, त्यांची संज्ञा आणि संयुजा तोंडपाठ असू द्या.

मराठी माध्यमातून येणाऱ्यांनी मनात कमीपणा बाळगू नये. कल्पना तुम्हाला समजलेल्याच असतात. त्वरण, संवेग, विस्थापन हे नववीतच झालेलं असतं. आपल्या विज्ञानाच्या पुस्तकातले असे शब्द एका वहीत उतरवा आणि समोर सेमी इंग्रजीच्या पुस्तकातले शब्द लिहा. तेच धडे दोन्ही पुस्तकांत आहेत, त्यामुळे वेगळा शब्दकोश लागत नाही. रोज एक पान इंग्रजीतून मोठ्याने वाचा. लेक्चर कानाला परकं वाटणं याने बरंच कमी होतं.

वर्गात काय बदलतं? शाळेत बाई वहीत लिहून देत, इथे कोणी देणार नाही. फळ्यावर डेरिव्हेशन (सूत्र पायरीपायरीने सिद्ध करणं) चालू असतं, तोंडाने स्पष्टीकरण चालू असतं, आणि दोन्हींतून आपल्या कामाचं आपणच टिपायचं असतं. एका तुकडीत मुलं भरपूर, त्यामुळे तुमचा चेहरा गोंधळलाय हे शिक्षकांना दिसेलच असं नाही. अडलं तर लेक्चर संपताना गाठा, स्टाफरूमला या. आम्हाला आवडतं ते, खरंच. आदल्या रात्री पुढच्या धड्याची दोन-तीन पानं नुसती चाळून आलात तरी वर्गातलं दुप्पट पदरात पडतं. बालभारतीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. फक्त आवृत्ती चालू वर्षाची आहे ना, ते बघून घ्या.

प्रॅक्टिकलबद्दल मात्र कळकळीने सांगते. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीचा लेखी पेपर ७० चा आणि प्रॅक्टिकल ३० चं असतं. हात बसतो तो अकरावीत. टायट्रेशनचंच बघा, म्हणजे एका द्रावणात दुसरं थेंबथेंब सोडून त्याची तीव्रता काढायची. ब्युरेट (खाली तोटी असलेली मापाची काचनळी) आधी पाण्याने आणि मग जे द्रावण भरायचं त्याच द्रावणाने खळबळून घ्यायची. भरून झाल्यावर फनेल काढायचं, नाहीतर त्यातला थेंब मागाहून पडतो आणि रीडिंग चुकतं. तोटीत हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही. ठरावीक माप घ्यायच्या नळीतला, म्हणजे पिपेटमधला, शेवटचा थेंब फुंकून पाडायचा नाही. फ्लास्कमध्ये ऑक्झॅलिक ॲसिड आणि फिनॉल्फ्थॅलीन, ब्युरेटमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड असेल, तर फिकट गुलाबी रंग आला आणि टिकला की थांबायचं. गडद गुलाबी झालं म्हणजे पुढे गेलात. एकसारखं रीडिंग येईपर्यंत पुन्हा करायचं. हे व्हिडिओ बघून येत नाही. शेजारच्याची रीडिंग्ज उतरवून जर्नल पूर्ण होतं, पण परीक्षेत ब्युरेट आपल्याच हातात असते.

यासाठी प्रवेश घेण्याआधी एक चौकशी करा, पालकांनीही करा: प्रॅक्टिकल दर आठवड्याला होतात का, बॅच किती मुलांची असते, प्रयोगशाळा बघता येईल का? क्लासशी जोडलेल्या इंटिग्रेटेड कोर्सला जाणार असाल तर हा प्रश्न आणखी महत्त्वाचा. फी किती हे सगळे विचारतात, ब्युरेट किती हे कोणी विचारत नाही.

अकरावीची परीक्षा कॉलेजच घेतं, बोर्ड घेत नाही, म्हणून हे वर्ष विश्रांतीचं आहे असं कोणी सांगेल. ऐकू नका. एमएचटी-सीईटीत साधारण २० टक्के भाग अकरावीचा असतो आणि नीट, जेईईला तर दोन्ही वर्षांचा अभ्यास लागतो. क्लास लावायचा की नाही ते घरची परिस्थिती बघून ठरवा. पण क्लासची वेळ कॉलेजच्या प्रॅक्टिकलवर येत असेल तर वेळ बदलून मागा.

सामानात पांढरा सुती ॲप्रन, लॉग टेबल, प्रत्येक विषयाला दोनशे पानी वही, बायोच्या आकृत्यांसाठी टोकदार पेन्सिली आणि खोडरबर, आणि प्रयोगशाळेत हात पुसायला एक जुना रुमाल पुरतो. जर्नल कोणतं आणायचं ते कॉलेज सांगतं, आधी घेऊ नका. लांबून एसटीने येणाऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात बोनाफाईड काढून सवलतीच्या पासचा अर्ज करावा. त्या खिडकीवर जुलैत मोठी रांग असते.