बंद घरावर नजर: सेन्सर आधी, रोबो नंतर

मे महिन्यात आम्ही दोघं पुण्याला मुलीकडे जातो आणि नागपूरचं घर कुलूपबंद राहतं. तेव्हा बंद घरावर नजर कशी ठेवता, असं चार लोकांनी विचारलं म्हणून लिहितोय.

कॅमेरावाला झाडू-रोबो म्हणजे पहारेकरी नव्हे. त्याला घरभर गस्त घालायला लावू नका. दार उघडल्याचं सेन्सरला कळतं, रोबो फक्त जाऊन बघून येतो.

सुरुवात दारापासून. दाराच्या सेन्सरमध्ये एक चुंबक आणि एक रीड स्विच (चुंबक जवळ-लांब झाला की चालू-बंद होणारा) असतो. दोघांत सेंटीमीटरभर अंतर ठेवा. लोखंडी सेफ्टी डोअरवर चुंबक थेट चिकटवला तर लोखंड त्याचा जोर खातं; मध्ये प्लॅस्टिकची जाड पट्टी घाला. लाकडी दारावर ही भानगड नाही.

हालचालीचा पीआयआर सेन्सर आपल्याकडे उन्हाळ्यात मंदावतो. तो अंगाची ऊब आणि मागची भिंत यांतला फरक ओळखतो, आणि मे महिन्यात भिंतच अंगाइतकी तापलेली असते! म्हणून आतल्या, थंड बोळीत लावा, साधारण दोन-सव्वादोन मीटर उंचीवर. माणूस त्याच्यासमोरून आडवा जाईल अशी जागा निवडा. सरळ अंगावर चालून येणारा त्याला उशिरा कळतो. खिडकी आणि हलणारा पडदा समोर नको.

हे सगळं मी झिगबीवर (सेन्सर जोडणारं बिनतारी जाळं, त्याला इंटरनेट लागत नाही) ठेवलंय; रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर होम असिस्टंट, म्हणजे घरातली उपकरणं चालवणारं सॉफ्टवेअर. नेट गेलं तरी सेन्सर आणि भोंगा चालतात, फक्त फोनवर निरोप येत नाही. राउटर आणि रास्पबेरी पाय, दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या.

आता रोबो. घेताना दोनच गोष्टी विचारा: रोबोने बनवलेल्या घराच्या नकाशावरच्या ठरावीक जागी जाण्याचा हुकूम होम असिस्टंटमधून देता येतो का, आणि ॲपमध्ये थेट चित्र दिसतं का. नियम सोपा: ‘बाहेर’ मोड (घरी कोणी नाही, हे सांगणारा) चालू, दार उघडलं, की रोबो हॉलमध्ये आणि निरोप फोनवर. उंबरा दोन सेंटीमीटरच्या वर असेल तर तिथे लाकडी उतार ठोका. चार्जिंगचा डॉक गच्चीखालच्या खोलीत ठेवू नका. ४५ अंशांपुढे लिथियम बॅटरी चार्ज करणं धोक्याचं. अंधारात कॅमेऱ्याला काही दिसत नाही, म्हणून त्याच नियमात हॉलचा दिवाही लावा.

झाडांना पाणी घालायला मावशी येतात. त्यांना कॅमेऱ्याचं आधी सांगा, आणि मोड बंद करायला दाराशी एक बटण द्या.

निघण्याच्या आदल्या दिवशी कोपऱ्यावरच्या टपरीवर बसा, फोनचं वायफाय बंद करा आणि शेजाऱ्यांना दार उघडायला सांगा; निरोप आणि चित्र बाहेरून पोचतं का ते कळेल.